नाशिकहून आई-वडिलांसह मॉरिशसला केव्हा जावे आणि काय पाहावे?

ज्येष्ठ मंडळी सोबत असल्याने मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. तेव्हा तिथे कोरडा, सौम्य हिवाळा असतो आणि नोव्हेंबर ते एप्रिलमधील चक्रीवादळांची धास्ती राहत नाही. मुंबईहून थेट विमान मिळते, मात्र कसारा घाटातील वाहतुकीचा भरवसा नसल्याने नाशिकहून भरपूर वेळ हाताशी ठेवूनच निघावे. भारतीय पर्यटकांना व्हिसा तिथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण जवळ असावे.

किनारे कोणतीही सहल कंपनी दाखवील. राजधानी पोर्ट लुईसला मात्र एक अख्खा दिवस द्यावा, असे माझे मत आहे. तिथे जुम्मा मशीद आणि चायनाटाउन अगदी जवळजवळ आहेत, आणि रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी, म्हणजे वाटलेली चणाडाळ भरून तव्यावर भाजलेली मऊ पोळी, रस्सा व चटणी घालून गुंडाळून देतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींची चिंता मिटते. भारतातून नेलेले करारबद्ध मजूर १८४९ पासून ज्या आप्रवासी घाटावर उतरत, तो याच शहरात आहे. त्या मजुरांत मराठी माणसेही होती. गणेशचतुर्थीनिमित्त तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून जमल्यास तारखा भाद्रपदातच ठरवाव्यात.