आर्ट्सला घातली तर लोक काय म्हणतील?

शिक्षणाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या पानावर कऱ्हाडच्या एक निवृत्त भूगोलाच्या प्राध्यापिका उत्तरं देतात.

प्रश्न : मुलीला दहावीला ९१ टक्के पडले. तिला अकरावीला आर्ट्सच घ्यायचंय, भूगोल आणि मानसशास्त्रासाठी. तिच्या शाळेतल्या बाईंनीच विचारलं, "एवढे मार्क वाया घालवणार का?" सासूबाईंनी तर जेवणावरच राग काढला. मोठ्या दिरांची मुलगी लातूरला नीटची तयारी करते, त्यामुळे तुलना रोजचीच. हे म्हणतात, बारावीपर्यंत सायन्स करू दे, मग काय करायचं ते कर म्हणावं. मला मुलीचं पटतं, पण धीर होत नाही.
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचं म्हणणं निव्वळ हेकटपणाचं नाही. बारावी सायन्स झालेल्याला बीएला प्रवेश मिळतो. बारावी आर्ट्स झालेल्याला इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही बंद. त्यामुळे ज्या मुलीचं अजून ठरत नाही, तिने सायन्स घ्यावं असं मीही सांगते. पण तुमच्या मुलीचं ठरलंय. ठरलेल्या मुलीला दोन वर्षं क्लासला बसवलं की 'मग काय करायचं ते कर' मधला तो 'मग' बहुतेक घरांत उजाडतच नाही. लाख-दीड लाख फी भरलेली असते, सीईटीचा पर्सेंटाइल लागत नाही, एक वर्ष रिपीट होतं, आणि शेवटी ती बीएला येते ती हरल्यासारखी. अशा मुली मी वर्गात पुष्कळ पाहिल्या. दाराजवळच्या बाकावर बसायच्या आणि 'कुठल्या वर्गात आहेस' असं कुणी विचारलं की मान खाली घालायच्या.

आता शाळेतल्या बाईंचं 'वाया'. आपल्याकडे विषयाची किंमत त्यात काय शिकवतात यावर ठरत नाही, प्रवेशाला रांग किती यावर ठरते. आणि रांग हलते. प्राथमिक शिक्षकाची पदविका, डी.एड., आठवते ना? २००० नंतरच्या दशकात बारावीला ऐंशी टक्के मिळवलेल्या मुली सगळं सोडून डी.एड.ला जायच्या. शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारांवर लागायचं, तीन वर्षांनी कायम व्हायचं, हा हिशेब घराघरांत पाठ होता. 'मुलगी डी.एड. आहे' एवढ्यावर स्थळं चालून येत. गावोगाव कॉलेजं निघाली. मग २ मे २०१२ ला शासनाने शिक्षकभरती थांबवली, पुढच्या वर्षी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि तीच कॉलेजं ओस पडली. तिथल्या मुली आदल्या वर्षीपेक्षा मठ्ठ झाल्या नव्हत्या, शिकवणंही बिघडलं नव्हतं. नोकरी गेली आणि तिच्यामागे इभ्रत गेली.

इंजिनिअरिंगची कथा याहून लांबलचक. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, तोवर इंजिनिअर म्हणजे गावात एखादा. नंतर मेकॅनिकलचं राज्य आलं, मग आयटीचं. आता कॉम्प्युटरच हवं, तेही नावात एआय असलेलं, आणि कित्येक कॉलेजांत सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा भरता भरत नाहीत. बीएस्सी अ‍ॅग्रीचं नेमकं उलट झालं. 'शेतीचं काय शिकायचं, बापजाद्यांनी केलीच की' असं म्हणणारी माणसंच आज राहुरीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागावा म्हणून देवाला साकडं घालतात, कारण तिथून एमपीएससीला पोरं निघतात. अर्थशास्त्राची तर गंमतच आहे. तालुक्याच्या कॉलेजात बीएला घेतलं तर बिचारं आर्ट्स. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बीएस्सी इकॉनॉमिक्स म्हणून घेतलं की हुशार मुलाचा विषय!

हे सगळं सांगितलं म्हणून लोकांची तोंडं बंद होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण निदान तुमची भीती कशाची आहे ते वेगळं काढता येईल. विषयाची भीती सोडा. भीती बाळगायची तर कॉलेजची बाळगा.

भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्या पाठ करणं, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या वर्गात पहिला तास भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटचा, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार नकाशाचा असायचा, एका किलोमीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे १:५०,००० प्रमाणाची शीट. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, निळे ओढे, लाल रस्ते आणि वस्त्या, पिवळी शेतं, हिरवं जंगल. दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. मुलांना म्हणायचे, आपापलं गाव शोधा. आधी गोंधळ, मग एखादी ओरडायची, "मॅडम, हा आमचा ओढा!" त्यानंतरचा प्रश्न खरा : तुमच्या गावची विहीर वरच्या आळीला लवकर आटते की खालच्या? रेषा कुठे दाटल्यात, पाणी कुठून कुठे उतरतंय, हे बोट फिरवून सांगायचं. उत्तर घरी विचारून दुसऱ्या दिवशी पडताळायचं. बार्शीचा भाग ४७ एन या गटातल्या शीटमध्ये येतो. मुलीला ती मिळवून द्या आणि एक संध्याकाळ तिच्याबरोबर बसा. पुढचं तिच्या चेहऱ्यावरून तुम्हालाच कळेल.

बारावीला भूगोलाला २० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. आणि इथेच कॉलेजं उघडी पडतात. नकाशे कपाटात कुलपाखाली, प्रात्यक्षिकाच्या वह्या गेल्या वर्षीच्या मुलींकडून उतरवलेल्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अपेक्षित प्रश्नसंच, आणि हजेरी पत्रकावर सगळे हजर. अशा ठिकाणी घातलीत तर सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल. तेव्हा अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी एखाद्या साध्या दिवशी दुपारी बारानंतर कॉलेजात जा. अकरावी-बारावी आर्ट्सच्या वर्गात कोणी शिकवतंय का बघा. शिपायाला विचारा, भूगोलाची खोली कोणती. त्याला विचार करावा लागला तर पुढच्या कॉलेजात जा.

दोन गोष्टी मुलीलाही स्पष्ट सांगा. नुसतं बीए मानसशास्त्र करून समुपदेशक होता येत नाही, एमए लागतं. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण पुढे घ्यावं लागतं. भूगोलाला जीआयएसची जोड हवीच, संगणकावर नकाशा करता आला पाहिजे. आणि हे ऐकून ती चिडेल, पण भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापकाच्या भरतीला भूगोलाची पदवी चालत नाही, सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर लागतो. ज्या खात्याचं सगळं काम नकाशावर, तिथे नकाशा शिकलेल्याला दार बंद. मी निवृत्त झाले तरी हा राग काही जात नाही.

तुमच्यापासून तुळजापूर लांब नाही. तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. एकदा मुलीला आणि तिच्या वडिलांना बरोबर घेऊन फिरून या. देशभरातून आलेली मुलं हेच 'वाया गेलेले' विषय शिकताना वडिलांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना सांगा, यूपीएससीच्या २०२५ गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाला असतात, आणि त्या यादीत भूगोलही आहे, मानसशास्त्रही. कलेक्टर हा शब्द कानावर पडला की त्या जेवतील. मात्र हे आमिष मुलीपुढे ठेवू नका. तिने मागितलेलं नाही.

प्रश्न : मी मराठीत एमए, नेट पास. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. मुलगी बघायला गेलो की 'मराठी म्हणजे काय शिकवता?' असं हसत विचारतात. बायोडेटात नुसतं 'प्राध्यापक' लिहू का?
— एक वाचक, वय ३२, परभणी

उत्तर : सर, विषय लपवू नका. लपवून जमलेलं स्थळ पहिल्या दिवाळीला उघडं पडतं. खरं तर त्यांना तुमचा विषय खुपत नाही, मार्च-एप्रिलनंतर पगार थांबतो हे खुपतं. तासिकेवर फिजिक्स शिकवणाऱ्यालाही उन्हाळ्यात तेच भोगावं लागतं, फक्त त्याला हसत कोणी विचारत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले, पण मराठीच्या रिकाम्या जागा होत्या तिथेच राहिल्या.

तसा आपल्या विषयाचा अपमान जुनाच आहे. मुंबई विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली होती, आणि ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावं लागलं. मुलीकडच्यांना हे ऐकवू नका, चहा गार होईल. त्यांना महिन्याचा आकडा खरा सांगा, उन्हाळ्यात काय करता ते सांगा, आणि मुलीशी दहा मिनिटं एकट्याने बोलायला मागा. ती काय वाचते ते विचारा. काहीच वाचत नसेल तरी नकार देऊ नका हो, तेवढा हट्ट तुम्हाला परवडणारा नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत जाणार. शाळेत पूर्ण संस्कृत, संयुक्त किंवा पूर्ण हिंदी असे पर्याय आहेत. सगळे म्हणतात संस्कृत स्कोअरिंग. आमच्या घरात कोणालाच येत नाही. घ्यावं का?
— एक पालक, उदगीर

उत्तर : स्कोअरिंग आहे, खोटं कशाला बोलू. रूपं पाठ केली, सुभाषितं आणि भाषांतरं घोटली की मार्क पडतात. पण दहावीनंतर त्यातली बरीच मुलं 'देव' शब्दही धड चालवत नाहीत, हेही तितकंच खरं.

घरात येत नाही, हे कारण मात्र मनातून काढून टाका. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते आपले आपण संस्कृत शिकले. तुमच्या मुलाला आज कोणी अडवत नाही, तर आपणच कशाला अडवायचं? मुलाला गोष्टींचा, श्लोकांचा नाद असेल तर पूर्ण संस्कृत. नसेल तर हिंदी, आणि हिंदीला कमी लेखायचं काही कारण नाही, उदगीरच्या बाजारात तिच्यावाचून पान हलत नाही. फक्त फॉर्मवर सही करण्याआधी शाळेत एक चौकशी करा : संस्कृतला त्या विषयाचे शिक्षक आहेत, की पीटीच्या सरांकडेच तासही दिलेत?