पऱ्हाटी सडते की विरघळते?

यवतमाळकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कपाशीच्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, शिंपडायच्या एका कल्चरच्या (काड्या कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाच्या) पत्रकात ‘पऱ्हाटीतील सेल्युलोज विरघळवते’ असं छापलंय. ते वाचून त्यांचे वडील म्हणाले, “पऱ्हाटी काय साखर हाय का इरघळाले? सडते म्हना ना.” बरोबर कोण?

वडील.

विरघळणं म्हणजे पदार्थ दिसेनासा होतो, पण मोडत नाही. साखरेचं पाणी आटवलं की साखर परत हाती येते. सडलेलं मात्र परत येत नाही. मी हीच कसोटी लावतो, आणि ती रसायनशास्त्रातही बऱ्यापैकी टिकते.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची साखळी. कापसाचं बोंड फुटल्यावर दिसतो तो पांढरा धागा जवळजवळ सगळा सेल्युलोजच असतो. तो पाण्यात विरघळत नाही; विरघळला असता तर धोतर पहिल्याच धुण्यात गेलं असतं! पण त्याला खरोखर विरघळवता येतं. १८५७ मध्ये श्वाइत्सर या स्विस रसायनशास्त्रज्ञानं तांब्याचं हायड्रॉक्साइड अमोनियात मिसळून गडद निळं द्रावण केलं. त्यात कापूस घातला की नाहीसा होतो, आणि वरून आम्ल ओतलं की सेल्युलोज पुन्हा पांढरं होऊन बाहेर पडतं. इथे ‘विरघळला’ हेच क्रियापद हवं. रेयॉनचा धागा निघतो तोही याच जातीच्या युक्तीनं, फक्त तिथे कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरतात.

वावरातल्या पऱ्हाटीचं असं होत नाही. बुरशी आणि जिवाणू आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) साखळी तोडतात, सुटलेलं ग्लुकोज खातात, विषय संपला. पुस्तकी मराठीत हे ‘विघटन’. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त मण्यांची जोडणी वेगळी. म्हणून भाकर आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. बैलालाही तो स्वतःच्या जोरावर पचत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. म्हणजे कडबा पोटात ‘जिरतो’ आणि पऱ्हाटी वावरात ‘सडते’, तरी आतली तोडफोड बरीचशी एकच.

आता गंमत अंबाडीची. अंबाडीचे पेंढे नाल्यात दगडाखाली दाबून ‘सडवतात’, वास नको नको करतो, आणि मग हाती येतो वाख, ज्याचे कासरे वळतात. वाख तर सेल्युलोजचाच! मग सडलं काय? धाग्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन. तेवढंच सडू द्यायचं आणि धागा सडायच्या आत पेंढे बाहेर काढायचे, यातच सारं कसब. बल्लारपूरच्या कागद गिरणीत बांबूचा लगदा करतात तिथेही असंच: अल्कलीत शिजवल्यावर लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ, विरघळून निघून जातं, सेल्युलोज मागे उरतं. म्हणजे सेल्युलोजच्या नावावर खपणारं ‘विरघळणं’ पुष्कळदा त्याच्या शेजाऱ्यांचं असतं.

‘विरणे’ हे क्रियापद आणखी वेगळं. जुनं लुगडं विरतं, म्हणजे झिजून विरळ होतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू असेच विरले. कारण शोधताना जी बुरशी सापडली ती ट्रायकोडर्मा कुळातली. तुरीवरच्या मर रोगासाठी आपण बियाण्याला चोळतो त्या ट्रायकोडर्माची ही चुलत बहीण. सेल्युलोज तोडणारी विकरं कारखान्यात आज तिच्याच वाणांपासून मोठ्या प्रमाणावर काढतात.

राहिला ‘कुजणे’ की ‘सडणे’. पुण्याकडच्या कानाला ‘सडलेलं’ म्हटलं की नाक मुरडावंसं वाटतं. तिकडे खत ‘कुजतं’. आपल्याकडे मात्र ‘चांगलं सडलेलं शेणखत’ ही शाबासकी आहे. पत्रक विदर्भात वाटायचं असेल तर ‘पऱ्हाटी सडवणारं कल्चर’ असं खुशाल छापावं. आणि खाली एक ओळ जोडावी: काड्या बारीक करा, ओल ठेवा, शेणकाला घाला. पऱ्हाटीत लिग्निन भरपूर, त्यामुळे अख्खी काडी नुसत्या शिंपडण्यानं लवकर सडत नाही, मग क्रियापद कोणतंही वापरा.