शेवळं, काकडं आणि बी-१२

प्रश्न : ताई, मी ५२ वर्षांचा, बँकेत नोकरीला, राहायला डोंबिवलीत. मधुमेहासाठी सहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या दिवाळीपासून मटण-मच्छी, अंडी आणि दूधही सोडलं. बदामाचं दूध, किनवा, सॅलड यांवर आहे. चार किलो वजन उतरलं, पण तळपायांना मुंग्या येतात. तपासणीत बी-१२ कमी निघालं. बायको म्हणते, दूध परत सुरू करा. मित्र म्हणतो, गोळ्या कशाला? दर रविवारी रानात चल, दवात अनवाणी चाल, रानभाज्या खा, सगळं भरून निघेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बी-१२ च्या बाबतीत दोघांचंही नको, डॉक्टरांचं ऐका. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, वैद्यक नाही. पण माझ्या विषयापुरतं सांगते : बी-१२ तयार करतात ते जिवाणू, झाडं नव्हे. टाकळा खा की तांदुळजा खा, त्यातून ते मिळायचं नाही. स्पिरुलिनाच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराच्या कामाचं नसतं.

आणि दिवाळीत दूध सोडलं म्हणून आता मुंग्या आल्या, असं काही मला वाटत नाही. मिश्राहारी माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा सहसा काही वर्षं पुरेल इतका असतो. तुमच्या पत्रातला खरा धागा मेटफॉर्मिनचा आहे. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरू शकतं. शिवाय नुसत्या मधुमेहानेही पायांना मुंग्या येतात. डॉक्टरांना दोन्ही विचारा, मनाने गोळी बंद करू नका. ते बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन देतील ते घ्या. कायमचं घ्यावं लागलं तरी घ्या. चष्मा लागला म्हणून आपण डोळ्यांवर रुसून बसतो का?

दवात अनवाणी चालायचं मात्र तुम्ही बिलकूल मनावर घेऊ नका. ज्या पायांची जाणीव कमी होतेय त्यांना काटा रुतलेला कळत नाही, आणि मधुमेहात ती जखम चिघळते. बूट घालून हिंडा. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकु’, म्हणजे वनस्नान, असा शब्द काढला. त्यातही कुणी चपला काढायला सांगत नाही.

ताटाबद्दल. किनव्याशी माझं वैर नाही, पण वाण्याकडे नाचणी असताना अँडीजमधून धान्य कशाला आणायचं? १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. मोड आणून दळली तर ते अंगीही जास्त लागतं. भाकरी बेताचीच खा, साखर तिनेही वाढते. विकतच्या बदामाच्या दुधात पाणीच फार. मूठभर बदाम चावून खाल्लेले बरे. प्रथिनांसाठी मटकी, कुळीथ, वालाचं बिरडं. त्यावर लिंबू पिळा म्हणजे लोह नीट शोषलं जाईल, आणि जेवणावर लगेच चहा नको.

आता रानभाज्या. १९८४ च्या जूनमध्ये, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, कल्याणच्या बाजारात मुरबाडकडच्या एका ठाकर बाईंकडून मी शेवळांची जुडी घेतली. बाईंनी सोबत काकडांचा वाटा पुढे केला. छोट्या आवळ्याएवढी हिरवी, आंबट फळं. मला वाटलं, माल खपवतेय. शेवळाचं शास्त्रीय नाव, अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, मला तोंडपाठ होतं; भाजी कशी करतात ते नव्हतं. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढला नाही, काकडं तर आणलीच नव्हती. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि गप्प झाले. मग खाकरले. मग तांब्याभर पाणी प्यायले. रात्री उशिरापर्यंत घरातून कुणा ना कुणाचं खाकरणं ऐकू येत होतं. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात टोचतात, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायची! पुढच्या आठवड्यात बाजारात गेले, तर त्या बाईंनी तोंड बघूनच विचारलं, “काकडं नाय घातली ना?”

तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात दहा भाज्यांवर उडी मारू नका. टाकळ्यापासून सुरुवात करा. जून-जुलैत स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडे मिळतो. पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि अंधार पडू लागला की त्या मिटतात. कामावरून परतताना घेतलात तर पानं मिटलेली दिसतील, शिळी समजून परत ठेवू नका. फुलावर यायच्या आतला कोवळा पालाच घ्या. कांदा, लसूण, भिजवलेली चणाडाळ, वरून ओलं खोबरं. कशी करायची ते विकणारीलाच विचारा, आणि ती जे सोबत घ्या म्हणेल ते घ्या.

स्वतः खुडायला जाऊ नका. रुळांकडेच्या पाल्यावर काय फवारलंय आणि खाली कसलं पाणी वाहतंय, सांगता येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर पानही तोडायला मनाई आहे. तिथे बघायला जा. बायकोलाही न्या, दुधाचा वाद तेवढा वेळ तरी थांबेल.

प्रश्न : गच्चीत करटोलीचा वेल लावला. दोन वर्षं भरपूर फुलं येतात, फळ एकही नाही. खत कोणतं घालू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खत नको, जोडीदार हवा. करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फुलाच्या मागे इवलंसं काटेरी करटोलं दिसलं तर ती मादी. नुसता देठ असेल तर तुम्ही दोन वर्षं नराला पाणी घालताय. बी उगवायला हट्टी, आणि त्यातून नर येईल की मादी हे आधी कळत नाही. ज्यांच्या वेलाला फळं धरतात त्यांच्याकडून कंद मागून आणा. चार-पाच माद्यांना एक नर पुरतो. फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवा.