पणजोबांच्या गुन्ह्याचा जाब पणतवाला का?

प्रश्न : हल्ली युरोप-अमेरिकेत सारखं कोणी ना कोणी जुन्या गुन्ह्यांची माफी मागताना दिसतं. गुलामगिरी, ज्यूंचं हत्याकांड, वसाहती. ज्यांनी केलं ते कधीच गेले, ज्यांच्यावर झालं तेही बहुतेक उरले नाहीत. मग आजच्या विशी-पंचविशीतल्या जर्मन नाहीतर इंग्रज पोराने मान खाली का घालायची? मला तरी हे उगाच ओढवून घेतलेलं वाटतं.

उत्तर : त्या पोराने मान खाली घालायची काही गरज नाही, इथपर्यंत मी तुमच्याच बाजूने आहे. गुन्हा करणाऱ्याचा असतो, तो रक्तातून खाली उतरत नाही. उलट सगळेच दोषी म्हटलं की खरे दोषी त्या गर्दीत आरामात लपतात, हे राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीबद्दल बजावून सांगितलं होतं, आणि त्या स्वतः १९३३ मध्ये जर्मनीतून पळून गेलेल्या ज्यू होत्या.

पण "कधीच गेले" म्हणजे विषय संपला, हे मात्र नाही पटत. ब्रिटनचंच घ्या ना. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला आणि सरकारने २ कोटी पौंड भरपाई द्यायचं ठरवलं, तेव्हाच्या वर्षाच्या सरकारी खर्चाच्या साधारण ४० टक्के, आणि ती दिली कोणाला तर मालकांना! गुलामांना छदामही नाही, वर बहुतेकांना शिकाऊ कामगार म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज पुढच्या सरकारी कर्जांत मिसळत मिसळत २०१५ साली फिटलं. म्हणजे तोपर्यंत ब्रिटनमध्ये टॅक्स भरणारा प्रत्येक माणूस त्यात थोडाफार हातभार लावत होता, कॅरिबियन बेटांवरून येऊन स्थायिक झालेले, त्याच गुलामांचे वंशजसुद्धा. आता याला जुनी गोष्ट कसं म्हणायचं?

त्या भरपाईचे कागद आहेत बरं का. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ते ऑनलाइन टाकलेत, आडनाव टाइप करून कोणीही बघू शकतं. बडे मळेवाले आहेतच, पण पाद्री आहेत, चार-दोन गुलामांवर घर चालवणाऱ्या विधवाही आहेत. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन, त्यांना अडीच हजार गुलामांपोटी लाखावर पौंड मिळाले. २०२३ मध्ये त्यांचे वंशज, जिथे जॉन यांचे मळे होते त्या दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला गेले आणि तिथल्या लोकांसमोर माफी मागितली. मला हे योग्य वाटतं, कारण कोणी, कुठे, किती माणसांच्या जिवावर पैसा केला हे त्यांना नीट माहीत होतं आणि ते त्याबद्दलच बोलले, सगळ्या गोऱ्या जातीच्या वतीने नाही.

जर्मनीतही जे टिकलंय ते असंच नावागावासकट. तिथल्या फुटपाथवर नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी १० सेंटिमीटरचे चौकोनी पितळी पत्रे बसवलेले दिसतात, "इथे राहत होते" अशी सुरुवात, खाली नाव, जन्मसाल, कधी उचलून नेलं, कुठे मारलं. ज्या घरात तो माणूस शेवटचा आपल्या मर्जीने राहत होता त्याच्याच दारासमोर. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे सुरू केलं, आता युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. खर्च बऱ्याचदा त्या गल्लीतले रहिवासी नाहीतर शाळेची मुलं वर्गणी काढून करतात, नाव शोधायला जुनी दफ्तरं चाळतात आणि पितळ काळं पडलं की घासायलाही जातात. यात कोणी छाती पिटत नाही. आपल्या जिन्यावरून कोणाला नेलं होतं एवढं माहीत करून घेतात. अर्थात सगळ्यांना हे आवडतं असं नाही, म्युनिकमध्ये ज्यू समाजाच्या नेत्यांनीच विरोध केला, आमच्या माणसांची नावं परत पायाखाली नकोत म्हणून, आणि महापालिकेने तिथल्या सार्वजनिक रस्त्यांवर परवानगी दिली नाही. हा आक्षेपही मला मोठा वाटतो.

आणि विली ब्रांट. हा माणूस नाझींच्या विरोधात होता, १९३३ मध्ये नॉर्वेला पळाला, त्याच्या हातून काहीच घडलेलं नव्हतं. तरी पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाल्यावर ७ डिसेंबर १९७० ला पोलंडमधल्या वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे तो गुडघ्यांवर बसला. तेव्हाच्या पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ते जरा अतीच वाटलं होतं. पण तो स्वतःच्या पापासाठी बसलाच नव्हता, ज्या देशाचं पद त्याच्याकडे होतं त्या देशासाठी बसला होता. तुमच्या पंचविशीतल्या पोराकडे ते पद नाही, पण मत आहे, आणि त्याचं सरकार काय करतं हा त्याचा प्रश्न आहे.

प्रश्न : पण नुसतं सॉरी म्हणून काय होतं? पैसे द्या ना.

उत्तर : द्यावेतच. अमेरिकेने युद्धकाळात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं होतं, त्यातले जे हयात होते त्यांना १९८८ च्या कायद्याने माफी आणि प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. उशीर झाला, पण ज्याला त्याला हातात मिळाले. नामिबियाचं उलट. आफ्रिकेतला हा देश तेव्हा जर्मनीची वसाहत होता. १९०४ ते १९०८ मध्ये तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांना जर्मन सैन्याने वाळवंटात हाकलून, छावण्यांत कोंडून मारलं, जर्मनीने त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं थेट २०२१ मध्ये, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ म्हणाले, पण ते विकासकामांसाठी आणि बोलणी सरकार-सरकारमध्ये. आम्हाला विचारलंच नाही, असं हेरेरो-नामांचे बरेच पुढारी म्हणतात आणि ते कोर्टातही गेलेत. ज्यांच्या पणजोबांना मारलं त्यांनाच दाराबाहेर ठेवून ठरवलेली माफी मी तरी माफी धरत नाही.