पोट्सडामच्या टेकडीवर येण्याआधी

तुझं पत्र आलं तेव्हा मी डिचोलीच्या घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडळं आणि सुपारीचे घोस बांधत होते, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. तू फोंड्याची, गोवा विद्यापीठातून एमएस्सी, दोन वर्षं वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात प्रकल्प सहायक, आणि आता जर्मनीत, बर्लिनजवळच्या पोट्सडामच्या हवामान-परिणाम संशोधन संस्थेत पीएचडीची जागा मिळाली आहे. काम कसं, माणसं कशी, पैसे पुरतात का, आणि आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढूनच यावं का, असं तू विचारलंस. मी त्या संस्थेत नऊ वर्षं आहे. जमेल तेवढं सगळं सांगते.

आधी कामाचं. वास्कोच्या केंद्रात, हेडलँड सड्यावर, तू उणे २० अंशांच्या खोलीत जाड कोट घालून अंटार्क्टिकाचा बर्फ कापतेस. पोट्सडामला हातात धरायला काही नसतं. ‘पिक’, आम्ही सगळे संस्थेला असंच म्हणतो, १९९२ साली सुरू झाली ती आकडेमोडीसाठी. झाडोरा, शेती, नद्या, वीज, किमती यांची संगणकावर मॉडेलं बांधायची आणि ती एकमेकांना जोडायची. दिवसभर समोर कोड असतो. आमच्या गटाचं शेती-पाण्याचं मॉडेल सी भाषेत आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. येण्याआधीच उतरवून घे, चालवून बघ, अडेल तिथे मला विचार. बर्फाची आठवण तुला नक्की येणार. आपली संस्था आहे त्याच टेकडीवर आल्फ्रेड वेगेनर या ध्रुवीय संशोधन संस्थेची शाखा आहे, तिथली माणसं गोठलेल्या जमिनीवर काम करतात. अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बस.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. आल्याबरोबर मी मॉडेलच्या नकाशावर गोवा शोधला. त्यातली एक चौकट अर्ध्या अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण ५५ किलोमीटर लांब-रुंद. आपला गोवा सगळा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. हातावर मोजण्याइतक्या चौकटींत राज्य संपलं. गावोगावचा वेगवेगळा पाऊस एकाच सरासरीत. चोडण बेटाच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, बांध कुठे आहे, पाण्याची दारं म्हणजे मानस कधी उघडायची, भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं तर पुढच्या भाताचं काय होतं, यातलं काहीच त्या आकड्यात नव्हतं. माझा चेहरा पडला. गटप्रमुखांना दाखवलं तर ते म्हणाले, यात काय सुटलंय ते तूच लिहून दे. त्या टिपणातून माझं पुढचं दोन वर्षांचं काम निघालं. तुझ्याकडे जे आहे ते तिथे फार थोड्यांकडे असतं गं. पाऊस कसा लागतो हे तुला अंगणातून माहीत आहे. पोट्सडामला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढा तर आपल्याकडे जूनच्या पंधरवड्यातही कोसळू शकतो. आणि मान्सूनवर तिथे खरोखर मोठं काम होतं. ३०हून अधिक मॉडेलं तपासून २०२१ साली तिथल्या गटानं दाखवलं की तापमान एक अंशानं वाढलं की मान्सूनचा पाऊस सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. मध्य भारतात मान्सून कधी पोचेल याचा अंदाज ४० दिवस आधी देणाऱ्या बाईही तिथल्याच, एलेना सुरोव्यात्किना. असं काम करणाऱ्यांच्या शेजारी बसायला मिळतं, म्हणून मी ये म्हणते.

माणसांचं सांगायचं तर स्वयंपाकघरातल्या कॉफीयंत्रापासून सुरुवात कर. भौतिकशास्त्रवाले, अर्थशास्त्रवाले, समाजशास्त्रवाले सगळे तिथे भेटतात. २०१८ साली संस्थेची सूत्रं दोघांकडे मिळून आली, ओटमार एडेनहोफर अर्थशास्त्रज्ञ आणि योहान रोकस्ट्रोम पाणी व पृथ्वीव्यवस्थेचे अभ्यासक. तोच मेळ खाली प्रत्येक मजल्यावर दिसतो. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. तुला ‘सर’ म्हणायची सवय आहे, ती सुटायला वेळ लागेल. चर्चासत्रात पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा प्राध्यापकाला ‘हे मला पटत नाही’ म्हणते आणि कुणी रागावत नाही. तूही बोल. मी वर्षभर गप्प बसले, ते वर्ष वाया गेलं. पण घरी जेवायला या, असं आपल्यासारखं सहज कुणी म्हणणार नाही. तीन आठवडे आधी दिवस ठरतो. बोलावलं की मात्र मनापासून बोलावलेलं असतं. बर्लिनला मराठी माणसं भरपूर आहेत, गणपतीही बसतो, आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासात पोचशील. तरी नोव्हेंबर जड जातो. चार-साडेचारला अंधार पडतो.

तेव्हा एक कर. टेकडीवर जुनं हवामान केंद्र आहे, १८९३ पासून तिथल्या नोंदी अखंड चालू आहेत, दोन महायुद्धांतही थांबल्या नाहीत. तिथे एक काचेचा भरीव गोळा ठेवलेला असतो. ऊन पडलं की तो खालच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर बारीक तपकिरी रेघ जाळत जातो, ढग आला की रेघ तुटते. पहिल्या हिवाळ्यात मी रोज दुपारी ती रेघ बघायला जायचे. एकदा पट्टीवर नखाएवढीच रेघ होती, आणि मी आईला फोन करून तेवढंच सांगितलं.

पैसे पुरतात. पीएचडीला बहुधा पूर्ण वेतनश्रेणीच्या ६५ ते ७५ टक्के मिळतात, कर आणि विम्यात साधारण तिसरा हिस्सा जातो. पदवी विद्यापीठाची असेल, संस्था स्वतः देत नाही, म्हणून तिथली नोंदणी वेळेत कर. घर मात्र अवघड आहे. जाहिरातीत ‘थंड भाडं’ लिहिलेलं असतं, त्यात हीटिंग नसतं, फसू नकोस. माझ्या पहिल्या घरमालकानं ओट्यावरच्या हळदीच्या डागांसाठी अनामतीतले दोन महिन्यांचे पैसे कापून घेतले. शिरल्या दिवशीच प्रत्येक खोलीचे फोटो काढ, आधीच्या डागांची यादी कर आणि तिच्यावर घरमालकाची सही घे.

आता पासपोर्ट. गोवा मुक्त होण्याआधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना तो मिळू शकतो, हे खरं. आपल्या गावातली कितीतरी मुलं त्यावर गेली. पण तुझ्या हातात नोकरीचा करार आहे, संशोधकाचा व्हिसा तुला भारतीय पासपोर्टवरच मिळेल. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंस की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढलंस, तरी २०२१ पासून भारतात संशोधन करायला ते कार्ड असलेल्यांना वेगळी परवानगी लागते. म्हणजे खाजनात मोजमाप करायला तूच परवानगी मागत बसशील. आणि उद्या वास्कोच्या केंद्रात किंवा दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत कायमची जागा निघाली तर? जर्मनीत कायद्यानं साधारणपणे पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षंच मुदतीचे करार देता येतात. कायमच्या जागा फार थोड्या. परतीचं दार उघडं ठेव. आत्ता तरी काढू नकोस.

मी महिनाअखेरीस परत जाते आहे. बुधवारी फोंड्याला येते, आई-बाबांनाही भेटते, त्यांचे प्रश्न वेगळे असतील. करारपत्र काढून ठेव, मुदतीचं कलम आपण दोघी मिळून वाचू. आणि सामानात कोकमाची सोलं भरपूर घे, तिथे मिळतात ती जुनी असतात.