आज्ञाभंग आणि कोरडी पडलेली प्रार्थना: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुखण्याची आहेत: देव जवळ वाटत नाही, आणि त्याचे कारण आपलेच वागणे असावे अशी शंका. त्यातली चार पत्रे इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मंडळीच्या एका निधीचा हिशेब माझ्याकडे आहे. घरात अडचण होती तेव्हा त्यातली काही रक्कम मी वापरली. ती कुणाच्या लक्षात आली नाही. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाहीत. उपास धरले, दशांशाहून जास्त देऊ लागलो, पहाटे उठून वचन वाचतो. काही उपयोग नाही. देवाने मला टाकले का?

टाकले असते तर हे पत्र तुम्ही लिहिले नसते. इस्राएलाचा राजा दावीदही पाप झाकून गप्प राहिला तेव्हा आपली हाडे झिजली आणि रात्रंदिवस देवाचा हात आपल्यावर भारी होता, असे स्तोत्र 32 मध्ये म्हणतो. ती टोचणी हे देवाने पाठ फिरवल्याचे लक्षण नव्हे.

तुम्ही जो उपाय चालवला आहे तो मात्र चुकीच्या जागी चालला आहे. जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. आय नगरापुढे इस्राएलाची 36 माणसे पडली. त्यांचा पुढारी यहोशवा आणि वडीलजन डोक्यात धूळ घालून संध्याकाळपर्यंत कराराच्या कोशापुढे (देवाच्या उपस्थितीची खूण असलेल्या पवित्र पेटीपुढे) पालथे पडून राहिले. त्यावर देव म्हणतो, ऊठ, असा पालथा का पडला आहेस? समर्पित वस्तू (लुटीतली, देवासाठी राखलेली) तुमच्यातून काढून टाकली नाही तर मी यापुढे तुमच्याबरोबर असणार नाही. म्हणजे देवानेच ती प्रार्थना थांबवली आणि बोट तंबूकडे दाखवले. तिथे आखान नावाच्या इस्राएली माणसाने एक सुंदर झगा, 200 शेकेल रुपे आणि 50 शेकेल सोने जमिनीत पुरून ठेवले होते. तुमचे उपास आणि जास्तीचे दान ही कोशापुढची धूळ झाली. पैसे अजून तंबूतच आहेत.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो.

आधी एकांतात, देवासमोर, कृत्याला त्याचे खरे नाव द्या. ‘माझ्याकडून काही चुका झाल्या’ असे नको. ‘अमुक निधीतून अमुक रक्कम मी चोरली आणि हिशेबात खोटे लिहिले’ असे म्हणा. खोट्या नोंदी हे वेगळे पाप आहे, त्याचाही उच्चार झाला पाहिजे. मग कागदावर आकडा मांडा. नेमका आठवत नसेल तर जास्तीचा धरा, कमी धरण्याकडे आपला हात आपोआप वळतो.

परतफेडीचे माप लेवीय 6 मध्ये दिले आहे: मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. दहा हजार घेतले असतील तर बारा हजार. हा नियम ख्रिस्ती माणसाला कायदा म्हणून लागू नाही, पण माप म्हणून चांगला आहे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर आपण होऊन चौपट कबूल केले. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवून ते लेखी द्या.

सर्वांत जास्त घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. पैसे गुपचूप दानपेटीत टाकून मोकळे व्हावे असे फार जणांना वाटते. तसे करू नका. पेटीत रक्कम पडते, पण वहीतला खोटा आकडा खोटाच राहतो, आणि उद्या त्या तफावतीचा संशय दुसऱ्या कुणावर जाऊ शकतो. पाळक आणि कार्यकारिणीतील एक जबाबदार व्यक्ती अशा दोघांना एकत्र भेटा. एकट्या पाळकाला सांगितले तर ते गुपित त्यांच्या गळ्यात पडते. वही सोबत न्या आणि हिशेबाचे काम तिथेच सोडा. सगळ्या मंडळीपुढे उभे राहायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

बोलताना शौल राजाची वाट टाळा. अमालेक्यांची गुरेमेंढरेही राखू नयेत अशी त्याला आज्ञा होती. लढाईनंतर तो शमुवेल संदेष्ट्याला आधी म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे, आणि मागे मेंढरे ओरडत असतात. मग म्हणतो, लोकांनी उत्तम गुरेमेंढरे राखली, तीही यज्ञासाठी. तिसऱ्या खेपेला कबुली येते, पण ‘मी लोकांना भ्यालो’ हे शेपूट लावून. आणि लगेच विनंती: वडीलजनांसमोर माझा मान राख. म्हणून घरच्या अडचणीचे कारण पहिल्या वाक्यात आणू नका. विचारले तर सांगा. दावीदाची कबुली नाथान संदेष्ट्यासमोर एका वाक्यात संपते: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे.

परिणाम चुकतीलच असे नाही. आखानाला जीव गमवावा लागला. दावीदाला क्षमा मिळाली तरी त्याच्या घरातले दुःख टळले नाही. तुमचे पद जाईल, काही माणसे पूर्वीसारखी बोलणार नाहीत. पण पापाची शिक्षा ख्रिस्ताने सोसली आहे, आणि 1 योहान 1:9 मधील क्षमा या परिणामांवर अवलंबून नाही. एक सावधगिरीची सूचना : भेट झाल्या संध्याकाळी मन भरून येईल असे धरून चालू नका. कधी येते, कधी कित्येक आठवडे येत नाही. तेवढ्यावरून कबुली फुकट गेली असे समजू नका.

प्रश्न : शौलाला परमेश्वराचा आत्मा सोडून गेला. माझ्या बाबतीत असे होऊ शकते का?

1 शमुवेल 16:14 मध्ये जो आत्मा निघून जातो, तो शौलावर राज्यकारभारासाठी आला होता; त्याच अध्यायात तो दावीदावर येतो. म्हणूनच स्तोत्र 51 मध्ये दावीद ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको’ असे विनवतो. आधीच्या राजाचे काय झाले ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. येशू शिष्यांना आत्म्याचे वचन देतो ते ‘सर्वकाळ तुमच्याबरोबर राहील’ असे (योहान 14:16).

तरी मंडळ्यांचे इथे एकमत नाही. धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत खरा विश्वासणारा आत्म्याला खिन्न करू शकतो, पण तारण गमावत नाही. त्याहून वेगळे मत मांडणाऱ्या आर्मिनियसच्या परंपरेत माणूस विश्वासच टाकू शकतो. कॅथोलिक शिकवणीत मरणीय पापाने कृपेची अवस्था जाते. त्यासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वतःहून दिलेली संमती या तिन्ही गोष्टी लागतात, आणि पापनिवेदन संस्काराने (धर्मगुरूसमोर पाप कबूल करून) ती अवस्था परत मिळते. तुम्ही कोणत्याही मंडळीचे असा, पुढचे पाऊल एकच: ज्या आज्ञेपाशी वाट सोडली, तिथे परत जा. इफिस 4:30 च्या मागेपुढे आत्म्याला खिन्न करणाऱ्या गोष्टींची यादीच आहे: खोटे बोलणे, सूर्य मावळेपर्यंत राग धरणे, चोरी, कुजके बोलणे, कडूपणा. सगळी घरातली आणि कामाच्या जागेवरची पापे.

प्रश्न : आई गेल्यापासून मला देव जाणवत नाही. प्रार्थनागटातल्या भगिनी म्हणतात, एखादे लपलेले पाप असेल, शोध. मी शोधून थकले. काय करू?

शोध थांबवा. निर्दोष असून दुःखात सापडलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी हाच सल्ला दिला होता आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर भडकला (ईयोब 42:7). स्तोत्र 88 अंधारातच संपते आणि त्यात पापकबुलीचा एक शब्द नाही. देवाचे भय धरणारा माणूसही प्रकाशाविना अंधारात चालतो, असे यशया 50:10 सांगते.

आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमके कृत्य दाखवतो, आणि त्यावर करण्यासारखे काही असते. ‘माझ्यात कुठेतरी काहीतरी वाईट आहे’ हे धूसर ओझे तसे नसते. एकदा, अर्धा तास, शांतपणे स्वतःला तपासा. काही ठोस आठवले तर निस्तरा. नाही आठवले तर तो विषय बंद. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा जुना नियम इथे उपयोगी पडतो: मनाच्या कोरड्या काळात आधी घेतलेले चांगले निर्णय बदलू नयेत. उपासना, गट, सेवा काहीही सोडू नका, पण नवे नवसही करू नका.

एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला दोनदा झोपू दिले आणि दोनदा खाऊ घातले. त्याच्याशी बोलणे पुढे होरेब डोंगरावर झाले. झोप, भूक आणि रोजच्या कामातली गोडी दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नको असे वाटू लागले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. विश्वास कमी पडल्याचे ते लक्षण नाही. त्या भगिनींना हे उत्तर वाचायला द्या, हवे तर आमचे नाव सांगून.

प्रश्न : मी एका चुकीच्या संबंधात आहे, हे मला कळते. तरी उपासनेत गाणी म्हणताना देवाची उपस्थिती पूर्वीसारखीच जाणवते. मग देवाला चालत असेल ना? आणि प्रभुभोजन घेऊ का?

जाणवण्यावर जाऊ नका. कराराचा कोश छावणीत आला तेव्हा इस्राएलांनी भूमी दणाणेल असा जयघोष केला. त्याच लढाईत त्यांचे 30,000 पायदळ पडले आणि कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला (1 शमुवेल 4). देवाने बळ दिलेला शमशोन झोपेतून उठून ‘नेहमीसारखा बाहेर पडेन’ म्हणाला. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे, हे त्याला कळलेच नव्हते. गाणे, वाद्ये आणि सोबतची माणसे यांनी मन उचंबळते. येशूने प्रीतीची खूण म्हणून त्याच्या आज्ञा पाळणे सांगितले आहे (योहान 14:21).

प्रभुभोजनाबद्दल: 1 करिंथ 11:28 म्हणते, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावे. म्हणजे कायमचे दूर राहणे हा उपाय नाही, आणि काही झालेच नाही असे समजून हात पुढे करणे हाही नाही. संबंध तोडायचा ठरवला असेल तर तो आधी तोडा: भेटी, फोन, संदेश, तिन्ही. ‘हळूहळू कमी करू’ हे सहसा जमत नाही, कारण प्रत्येक शेवटची भेट पुढच्या भेटीचे निमित्त होते. तुमच्याहून वयाने मोठ्या, तोंडाने घट्ट अशा एका विश्वासणाऱ्या माणसाला सांगून ठेवा आणि दर आठवड्याला त्याने तुम्हाला थेट विचारावे असे ठरवा. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला या. कॅथोलिक असाल तर त्याआधी पापनिवेदन करा.