गिब्सनच्या जागी दुसऱ्या कुणाची पाठ नको

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. 35 मिनिटांचा कच्चा कटही दोनदा पाहिला. बेसबॉल आणि जॅझ एकाच फिल्ममध्ये गुंफायची कल्पना मला मनापासून आवडली. 'जॅझ' हा शब्द छापलेला सापडतो तोही आधी बेसबॉलच्या बातम्यांतच. 1912 साली लॉस एंजेलिस टाइम्समध्ये एका पिचरने आपल्या हेलकावे खाणाऱ्या चेंडूला 'जॅझ बॉल' म्हटलं होतं. हे तुझ्या कटमध्ये नाही, घेता आलं तर घे.

आता तुझा मुख्य प्रश्न. कृष्णवर्णीय फलंदाज जॉश गिब्सनच्या होम रनबद्दल निवेदन चालू असताना पडद्यावर जो खेळाडू दिसतो, तो गिब्सन नाही. गिब्सनचं फुटेज फारच थोडं, म्हणून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, एका जुन्या सामन्यातला शॉट लावला. पाठमोरा आहे, कुणाला कळणार नाही, असं तुझे एडिटर म्हणाले. तुला ते खटकलं आणि तू मला विचारलंस. खटकलं हे फार चांगलं झालं. तो शॉट काढ.

गिब्सनला मेजर लीगमध्ये कधी खेळूच दिलं नाही. जानेवारी 1947 मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी 15 एप्रिलला जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. न्यूजरीलचे कॅमेरे मेजर लीगच्या सामन्यांना हजर असायचे, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगच्या मैदानांकडे ते क्वचितच फिरकायचे. चित्र नाही याचं कारण तोच वर्णभेद आहे, ज्याच्याबद्दल तुझं निवेदन बोलतंय. आणि ती जागा भरायला आपण त्याला दाराबाहेर ठेवणाऱ्या लीगमधल्याच कुणाची तरी पाठ दाखवायची?

मग दाखवायचं काय, असं तू म्हणशील. बॉक्स स्कोअर दाखव, म्हणजे वर्तमानपत्रात छापलेला सामन्याच्या आकड्यांचा तक्ता. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर ही कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं या सामन्यांचे तपशील छापत होती. संशोधकांनी वर्षानुवर्षं मायक्रोफिल्मवर डोळे ताणून एकेक सामना उतरवून काढला. डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 मधल्या सात निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा दिला. मे 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले आणि गिब्सनची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी 0.372, तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या 0.367 च्या वर गेली. हा आकडा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या बारीक टायपातून आला आहे. तो टाइप पडदाभर मोठा करून वीस सेकंद तसाच राहू दे. प्रेक्षक वाचतील.

दुर्मिळ गोष्ट हाती लागली की माणूस ती तपासायची विसरतो. हे मी स्वतः केलं आहे. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांवर आम्ही एक छोटी फिल्म केली होती. चिक चॉकलेट हे नाव तू ऐकलं असशील. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच काळातल्या दुसऱ्या एका बँडचा, तोवर कुठेही न छापलेला फोटो मला मिळाला. मिळाल्याचा आनंद इतका, की मी तो नीट पाहिलाच नाही. फिल्म दाखवून झाल्यावर आठवड्याभरात गोव्याहून एका वृद्ध ट्रम्पेटवादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, ट्रम्पेटच्या कळा उजव्या हाताने दाबतात." फोटो उलटा स्कॅन झाला होता. मागे डावीकडून उजवीकडे लिहिलेली नावं त्यामुळे भलत्याच चेहऱ्यांखाली गेली होती. त्यातल्या काहींचा जगात तेवढा एकच फोटो असेल, आणि त्यावर मी दुसऱ्याचं नाव घातलं. त्या फोननंतर मी बराच वेळ जागची हलले नाही.

कॉर्नेटवादक बडी बोल्डनचा फोटो तू वापरला आहेस म्हणून हे सांगते. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ घडवणाऱ्यांत ज्याचं नाव पहिलं घेतात, त्याची एकही ध्वनिमुद्रिका उरलेली नाही. 1907 मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, 1931 मध्ये तो तिथेच वारला. त्याचा माहीत असलेला फोटो एकच, आणि त्याचीही मूळ प्रत हरवली. एका बाजूने पाहिला तर गिटारवाला आणि बासवाला डावखुरे दिसतात, उलटा केला तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात. हा वाद तज्ज्ञांमध्ये अजून मिटलेला नाही. तू फोटोवर कॅमेरा हळूहळू आत नेला आहेस आणि निवेदन त्याच्या सुरांचं वर्णन करतंय. ते सूर आज कुणीच ऐकलेले नाहीत. तिथे निवेदनाने तेवढंच सांगावं.

कोटाची बटणं, छातीवरचा खिसा, ड्रमवरची अक्षरं, हे पाहायची सवय लाव. खेळाडूंची चित्रकार्डं विकणाऱ्या टॉप्स कंपनीच्या 1957 च्या कार्डावर बेसबॉलपटू हँक आरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी छापली गेली. तो उजव्या हाताने खेळायचा हे सगळ्या अमेरिकेला माहीत होतं, तरी कार्ड बाजारात गेलंच. तुझ्या अकराव्या मिनिटाची 'साउंडी', म्हणजे ती गाण्याची छोटी फिल्म, तीही तशीच तपास. नाणं टाकून पाहायच्या त्या यंत्रांत आरसे असायचे, म्हणून प्रती मुद्दाम उलट्या काढत. शिवाय गाणं आधी ध्वनिमुद्रित करून वादक कॅमेऱ्यापुढे नुसता अभिनय करायचे. तिला क्लबमधला प्रत्यक्ष कार्यक्रम म्हणू नकोस.

जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची जन्मतारीख 4 जुलै 1900 अशी लिहिली आहेस. तो स्वतः आयुष्यभर हेच सांगायचा. 1980 च्या दशकात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 4 ऑगस्ट 1901 सापडली. तारीख दुरुस्त कर, पण त्याचं म्हणणं कापू नकोस. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी आपण जन्मलो, असं न्यू ऑर्लिन्समधल्या गरीब कृष्णवर्णीय मुलाला का म्हणावंसं वाटलं असेल, हे तारखेइतकंच महत्त्वाचं आहे.

बिंग क्रॉस्बीच्या तळघराचा तुकडा कटमधला सर्वांत चांगला आहे. गायक क्रॉस्बी हा पिट्सबर्ग पायरट्स या बेसबॉल संघाचा भागीदार होता. 1960 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीचा, सातवा सामना पाहायचं त्याला इतकं दडपण आलं, की तो पॅरिसला निघून गेला आणि टीव्हीच्या पडद्यावरून सामना चित्रित करून घ्यायची व्यवस्था केली. पायरट्स 10-9 जिंकले. वाहिन्यांकडे त्या सामन्याचं पूर्ण प्रक्षेपण उरलं नाही. क्रॉस्बीच्या वाइनच्या तळघरात 16 मिलिमीटरची पाच रिळं मात्र थंडाव्यात शाबूत राहिली आणि 2009 मध्ये सापडली.

त्याला लागून डीन बेनेडेट्टीची गोष्ट घे. 1947-48 मध्ये तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या मागे क्लबोक्लबी फिरला आणि पार्करचे सोलो टिपत राहिला. बाकीचे वाजवू लागले की बहुतेक वेळा यंत्र बंद. आज पार्करचं ते वादन आपल्याकडे आहे ते त्याच्या वेडामुळे, आणि त्या रात्री सोबत बसलेले वादक ऐकू येत नाहीत तेही त्याच वेडामुळे. जतन करणाऱ्याचं मन जिथे होतं तेवढंच शिल्लक राहतं. ज्यांच्यावर कुणाचं मन नव्हतं, त्यांची नावं तरी तुझ्या निवेदनात येऊ देत. पार्करसोबतच्या त्या बँडमधल्या एकाचंही नाव तू घेतलेलं नाहीस.

शेवटी फलंदाज बेब रूथ, आणि चेंडू कुठे मारणार ते त्याने आधीच बोटाने दाखवलं ही दंतकथा. 1 ऑक्टोबर 1932, शिकागोचं रिग्ली फील्ड, समोर चेंडू टाकणारा पिचर चार्ली रूट. स्टँडमधल्या एका प्रेक्षकाने घरगुती कॅमेऱ्यात टिपलेली ती क्लिप तू मिळवलीस, त्यासाठी किती पत्रव्यवहार केला असशील याची मला कल्पना आहे. पण निवेदन म्हणतं, "पाहा, त्याने चेंडू कुठे मारणार ते बोटाने दाखवलं." क्लिपमध्ये हात वर होतो एवढंच दिसतं. तो प्रेक्षकांकडे होता, पिचरकडे की समोरच्या संघाच्या डगआउटकडे, हे त्या क्लिपवरून ठरत नाही. वाक्य बदल. आणि त्या मूक फितीवर जो बॅटचा 'टक्' आवाज आणि गर्दीचा जल्लोष चढवला आहे, तो काढून टाक. प्रोजेक्टरची घरघरसुद्धा नको.

पुढच्या कटसोबत मला प्रत्येक शॉटची नोंद पाठव: कोण, कुठे, कधी, आणि हे कशावरून. जिथे 'कशावरून'चा रकाना रिकामा राहील, तिथपासून आपण दोघं बसू.

सस्नेह